छोट्या सिलिंडरमध्ये घरी गॅस भरू नका

गावाहून कामासाठी किंवा शिक्षणासाठी शहरात आलेल्या आपल्या कितीतरी मुलामुलींचा स्वयंपाक तीन-पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर होतो. वर बर्नर बसवलेला, एका हाताने उचलता येणारा हा सिलिंडर भाड्याच्या खोलीत, टपरीवर, बांधकामाच्या जागी सगळीकडे दिसतो. तो संपला की गल्लीतल्या दुकानात किलोच्या भावाने भरून मिळतो. काही जण घरातल्या मोठ्या सिलिंडरला नळी लावून स्वतःच भरतात. पत्त्याचा पुरावा नाही, अनामत भरायला पैसे नाहीत, म्हणून लोक हा मार्ग धरतात. त्यांना नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पण यात धोका नेमका कोठे आहे आणि दुसरा मार्ग कोणता, हे प्रत्येक घराला माहीत हवे.

धोका कोठे आहे?

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. सिलिंडरमध्ये ते दाबाखाली द्रवरूपात असते. बाहेर पडलेल्या एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. हवेत या वायूचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेले की एक ठिणगी पुरते.

दहा बाय दहाच्या, नऊ फूट उंचीच्या खोलीत सुमारे २५,००० लिटर हवा असते. तिचे दोन टक्के म्हणजे ५०० लिटर वायू, म्हणजेच दोन लिटर द्रव. वजनाने जेमतेम एक किलो. प्रत्यक्षात याहून खूपच कमी गळतीही घात करते. कारण हा वायू हवेपेक्षा जड आहे. तो वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, खाटेखाली आणि मोरीत साचतो, उंबरठ्याखालून शेजारच्या खोलीत जातो. तेथे पेटलेली शेगडी, फ्रिजचे बटण किंवा वंदनेसाठी लावलेली मेणबत्ती असली तरी भडका उडतो. म्हणून गॅस भरणारा एक असतो आणि भाजणारी माणसे अनेक असतात.

दुसरा धोका जास्त भरण्याचा. कारखान्यात सिलिंडर वजन करून भरतात आणि वर थोडी जागा मोकळी ठेवतात, कारण उष्णतेने द्रव फुगतो. घरी किंवा गल्लीत हा अंदाज राहत नाही. काठोकाठ भरलेला सिलिंडर उन्हात किंवा शेगडीजवळ राहिला, तर द्रवाला फुगायला जागाच उरत नाही आणि सिलिंडर फुटू शकतो. बाजारातले कितीतरी छोटे सिलिंडर पातळ पत्र्याचे असतात, त्यांची कधी तपासणी झालेली नसते. भरताना द्रव हातावर उडाला तर अतिथंडीने कातडी जळते. डोळ्यात गेला तर दृष्टीला इजा होते. शिवाय एका सिलिंडरमधून दुसऱ्यात असा गॅस भरणे हा कायद्याने गुन्हाही आहे.

वास आला तर

दिव्याचे किंवा पंख्याचे बटण चालू करू नका, बंदही करू नका. मेणबत्ती, अगरबत्ती, शेगडी विझवा. सिलिंडर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावरच फोन करा. गॅस गळतीसाठी १९०६ आणि अग्निशमन दलासाठी १०१ हे क्रमांक आहेत. वास कमी वाटला म्हणून गॅस गेला असे समजू नका. थोड्या वेळाने नाकाला त्या वासाची सवय होते.

भाजल्यास काय करावे?

कपड्यांना आग लागली तर पळू नये. जमिनीवर लोळावे किंवा जाड सुती गोधडीने आग दाबावी. मग भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांपैकी काहीही लावू नये. त्यामुळे जखमेत जंतू जातात आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढावे. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नये. स्वच्छ सुती कापडाने झाकून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

चेहरा भाजला असेल, आवाज घोगरा झाला असेल, नाकातले केस करपले असतील किंवा थुंकीत काजळी दिसली, तर श्वासनलिकेला इजा झालेली असू शकते. असा माणूस सुरुवातीला बोलतो-चालतो, पण काही तासांत सुजेने श्वास कोंडू शकतो. त्याला लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे.

मग छोटा सिलिंडर वापरायचाच नाही का?

वापरायचा, पण कंपनीचा. सरकारी तेल कंपन्यांचा पाच किलोचा सिलिंडर गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर मिळतो. इंडियन ऑइलचा असा सिलिंडर ‘छोटू’ या नावाने ओळखला जातो. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरते. संपल्यावर तो भरायचा नसतो. रिकामा देऊन भरलेला घ्यायचा असतो. किलोमागे तो महाग पडतो हे खरे. म्हणून एका खोलीत राहणाऱ्या चौघांनी मिळून तो घ्यावा. उज्ज्वला योजनेच्या २०२१ मधील दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांसाठी पत्त्याबाबत स्वयंघोषणापत्र पुरेसे मानले गेले आणि अनुसूचित जातीची कुटुंबेही तिच्या पात्र गटांत आहेत. घरातल्या महिलेच्या नावाने आज अर्ज करता येतो का, हे एजन्सीत जरूर विचारावे.

सिलिंडर घेताना सील पाहा आणि वजन करून घ्या. मानेजवळच्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष असते. ए म्हणजे मार्च, बी म्हणजे जून, सी म्हणजे सप्टेंबर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर. ‘बी-२७’ असेल तर त्याची पुढची तपासणी जून २०२७ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर घेऊ नका. घरात जुना बाजारी सिलिंडर असेल तर तो खोलीत रिकामा करू नका, कापू नका, भंगारातही देऊ नका. अग्निशमन केंद्रात विचारून त्याची विल्हेवाट लावा.

बुद्धांनी अप्पमादाला, म्हणजे सतत जागरूक राहण्याला, धम्मात मोठे स्थान दिले. ज्या धंद्याने दुसऱ्याचा जीव धोक्यात येतो तो सम्यक आजीविकेत बसत नाही, हे गल्लीत गॅस भरून देणाऱ्या आपल्याच बांधवांना समजावून सांगावे लागेल. विहार समित्यांना आमची विनंती आहे की, येत्या रविवारी वंदनेनंतर पाच मिनिटे काढून १९०६, १०१ आणि १०८ हे तीन क्रमांक सर्वांकडून पाठ करून घ्यावेत आणि विहाराच्या फलकावर लिहून ठेवावेत.