शिक्षक हवा तो अडल्यावर
उद्याचा तास : लेखांक ६

गेल्या लेखांकात स्मार्ट बोर्डाविषयी लिहिलं, तेव्हाच ठरवलं होतं की पुढची पाळी फ्लिप्ड क्लासरूमची. बी.एड.च्या परीक्षेत टीप लिहिण्यापुरती व्याख्या सोपी आहे. मुलांनी शिक्षकांचं स्पष्टीकरण घरी व्हिडिओवर पाहून यायचं आणि गृहपाठ वर्गात करायचा. पण असं कुणाला का करावंसं वाटलं, ते टिपेत येत नाही.

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क नावाचं गाव आहे. तिथल्या हायस्कुलात जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स रसायनशास्त्र शिकवत. सामन्यांसाठी मुलं लांबच्या गावी जात आणि त्यांचे तास बुडत. या गैरहजर मुलांसाठी दोघांनी २००७ मध्ये पाठ रेकॉर्ड करायला सुरुवात केली. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की माहिती ऐकताना मुलांना शिक्षक समोर असावाच लागतो असं नाही. तो लागतो गणित अडल्यावर. मग त्यांनी अख्खा वर्गच असा फिरवला.

आम्हा छात्राध्यापकांकडून पाठ टाचणात हर्बार्टची पंचपदी घोटून घेतलेली असते. तिची शेवटची पायरी उपयोजन. पस्तीस मिनिटांच्या तासात विषयप्रतिपादनच इतकं लांबतं, की उपयोजनाच्या वेळी घंटा होते. मग ते 'घरून करून आणा' या तीन शब्दांत मुलांच्या दप्तरात जातं. म्हणजे सोपं काम शिक्षकासमोर आणि अवघड काम एकट्याने!

नववीतली मोल संकल्पना घ्या. ३६ ग्रॅम पाण्यात किती मोल? पाण्याचं रेणुवस्तुमान १८, म्हणून ३६ भागिले १८, उत्तर २. फळ्यावर हे झालं की सगळा वर्ग 'समजलं' म्हणतो. वहीत मात्र कुणी १८ ला ३६ ने भागून ०.५ लिहितं, तर कुणी सरळ गुणाकार करतं. पहिल्याने सूत्र उलटं पाठ केलंय, दुसऱ्याला मोल म्हणजे काय हेच उमगलेलं नाही. दोघांची चूक एकाच लाल फुलीने दुरुस्त होणार नाही. त्यासाठी बाकाशेजारी उभं राहून 'हे असं का केलंस रे?' म्हणून विचारावं लागतं. रात्री घरी ते विचारणार कोण?

आता फोनचा प्रश्न. घरात एकच फोन, तो दिवसभर बाबांबरोबर कामावर, आणि संध्याकाळी आला की नेट पॅक संपलेला. करोनाकाळात हे आपण सगळ्यांनीच पाहिलं. बर्गमन-सॅम्स यांनाही ही अडचण आली होती. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं त्यांना ते डीव्हीडी करून देत. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. बालभारतीच्या पुस्तकांतही आता क्यूआर कोड असतात. पण कोड स्कॅन करायलाही फोन लागतोच.

मला जास्त पटतात ते हार्वर्डचे एरिक माझूर. भौतिकशास्त्राचे हे प्राध्यापक १९९० च्या दशकापासून मुलांना पुस्तक वाचूनच वर्गात यायला लावतात. वर्गात ते एक प्रश्न टाकतात. आधी प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. या पद्धतीचा गाभा व्हिडिओ नाहीच. साठ मुलांच्या वर्गात मी प्रत्येकापर्यंत पोहोचू शकणार नाही, पण शेजारी तर प्रत्येकाला असतो. पुस्तकाची दोन पानं आणि खाली दोन प्रश्न, एवढा गृहपाठ फोनशिवायही होतो. वाचून न येणारी मुलं असतीलच. त्यांनी पहिली दहा मिनिटं मागच्या बाकावर बसून तीच पानं वाचावीत.

नोकरी लागली की मी सुरुवात अशीच करणार आहे. व्हिडिओ लागलाच, तर तो वर्गातल्या प्रोजेक्टरवर दाखवीन. शाळेत शिकवणाऱ्या वाचकांपैकी कुणी हे करून पाहिलं असेल, तर कुठे फसलं तेवढं जरूर कळवा. पुढच्या लेखांकात त्यावरच लिहीन.