कंसातलं नाव

‘लेड झेपेलिन चोर होते.’

रॉकवेड्या मित्रांच्या कुठल्याही ग्रुपमध्ये एवढं एकच वाक्य टाकायचं आणि गंमत बघत बसायचं. पहिल्या मिनिटाला जिमी पेजला देव मानणारा उसळून उठतो. दुसऱ्या मिनिटाला ‘आधी मडी वॉटर्स ऐक, मग बोल’ म्हणणारा तोंड उघडतो. अर्ध्या तासाने बिल येऊन पडलेलं असतं आणि तरी कुणी जागचं हलत नाही! बीटल्स मोठे की स्टोन्स, या भांडणाचे आता केस पिकलेत. क्लासिक रॉक आलं कुठून आणि श्रेय कुणाचं, हे भांडण मात्र अजून तरणंताठं आहे. कारण त्यात नुसती आवडनिवड नाही, कोर्ट आहे आणि रग्गड पैसाही आहे.

मी अशा भांडणांमध्ये बऱ्याचदा बसलेय आणि दोन्हीकडून वाजवलंय. पण सुरुवात करायची तर एकाच गाण्यापासून करावी लागते. ‘होल लॉटा लव्ह’.

ऑक्टोबर १९६९. ‘लेड झेपेलिन टू’ या अल्बमचं हे पहिलंच गाणं. पेजच्या गिटारचा तो रिफ सुरू झाला की आजही हेडफोनवाल्याची मान आपोआप हलायला लागते. तेव्हाच्या रेकॉर्डवर गाण्याखाली कंसात चार नावं होती, चारही बँडमधल्यांची. आता सात वर्षं मागे चला. १९६२, शिकागो, चेस रेकॉर्ड्स. मडी वॉटर्स गातोय ‘यू नीड लव्ह’. लिहिलंय विली डिक्सनने. ही दोन गाणी लागोपाठ ऐका. रिफ मडीच्या गाण्यात नाही, तो पेजचाच, हे मान्य. पण रॉबर्ट प्लांटच्या तोंडचे शब्द? तिथे झेपेलिनच्या कट्टर भक्तालाही जरा खोकला येतो.

मध्ये आणखी एक वळण आहे. लंडनच्या स्मॉल फेसेस या बँडने १९६६ मध्ये ‘यू नीड लव्हिंग’ नावाने हेच प्रकरण वाजवलं होतं आणि कंसात स्वतःचीच नावं लावली होती. प्लांटचं गाणं त्यांच्या स्टीव्ह मॅरियटच्या गाण्याशी किती मिळतं, ते कानांनाच कळतं. म्हणजे चोरावर मोर! पण त्यांचं ते गाणं काही हिट नव्हतं. झेपेलिनचं गाणं अमेरिकेत चौथ्या नंबरापर्यंत गेलं, म्हणून बोंबाबोंब झाली.

बॉक्सर, बास आणि बिल

हा विली डिक्सन म्हणजे अफलातून माणूस. १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गला जन्मला. अंगापिंडाने धिप्पाड. शिकागोला येऊन बॉक्सिंग केलं, १९३७ मध्ये इलिनॉयची हेवीवेट गोल्डन ग्लव्ह्ज स्पर्धा जिंकली. मग ग्लव्ह्ज ठेवले आणि उभा, माणसाएवढा डबल बास हातात घेतला. चेससाठी तो बास वाजवायचा, गाणी लिहायचा, कुठलं गाणं कुणाला शोभेल ते ठरवायचा. ‘हूची कूची मॅन’, ‘स्पूनफुल’, ‘लिटल रेड रूस्टर’, ‘बॅक डोअर मॅन’ ही सगळी त्याचीच. स्टोन्स, डोअर्स, क्रीम... ज्यांची पोस्टर्स आपल्या होस्टेलच्या भिंतीवर होती, त्या सगळ्यांच्या ताटात डिक्सनच्या हातचं काही ना काही वाढलेलं आहे.

‘होल लॉटा लव्ह’मधलं साम्य आधी लक्षात आलं ते त्याच्या मुलीच्या, शर्लीच्या. १९८५ मध्ये डिक्सनने दावा लावला. १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि पुढच्या आवृत्त्यांवर कंसात पाचवं नाव आलं.

आता तुम्ही म्हणाल, एका नावाचा एवढा काय बाऊ? तर जरा धंद्याची गोष्ट. गाण्यावर दोन वेगवेगळे हक्क असतात. एक लिहिलेल्या गाण्यावर, म्हणजे शब्द आणि चालीवर. दुसरा रेकॉर्डिंगवर. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं लागलं की लिहिणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला पैसे मिळतात. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला छदामही मिळत नाही. हा नियम आजही तसाच आहे. रेकॉर्ड विकली गेली की पुन्हा कंसातल्या नावाला वाटा. ‘क्लासिक रॉक’ हे नावच मुळी ऐंशीच्या दशकात अमेरिकन रेडिओ स्टेशनांनी रुळवलं. तीच तीच जुनी गाणी दिवसरात्र लावायची, असा तो फंडा. म्हणजे १९६९ चं गाणं पुढची पन्नास वर्षं दर तासाला कुठे ना कुठे लागतंय आणि दर वेळी कंसात ज्याचं नाव, त्याच्याकडे पैसे जातायत. आता करा हिशेब.

आणि खलनायक फक्त इंग्रज पोरं होती, असंही समजू नका. चेसवाल्यांची स्वतःची प्रकाशन कंपनी होती, आर्क म्युझिक. गाण्यांचे हक्क तिच्याकडे. सत्तरच्या दशकात मडी वॉटर्स आणि डिक्सन दोघांनीही आपल्याच या घरच्या कंपनीवर रॉयल्टीसाठी दावा ठोकला होता. बाहेरच्यांनी नेलं ते वेगळं, घरच्यांनी ठेवून घेतलं ते वेगळं.

‘ब्लूजमध्ये सगळेच घेतात’

झेपेलिनच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा हुकमी एक्का. आणि तो खोटा नाही. मडी वॉटर्सचं १९५० चं ‘रोलिन स्टोन’, ज्यावरून स्टोन्सनी नाव घेतलं, ते ‘कॅटफिश ब्लूज’ या जुन्या गाण्यावर बेतलेलं आहे. रॉबर्ट जॉन्सनला तर ब्लूजचा आद्यपुरुष केलंय सगळ्यांनी. त्याचं ‘स्वीट होम शिकागो’ कोकोमो अर्नोल्डच्या १९३४ च्या गाण्यावरून आलंय. ओळी, चाली, गिटारच्या जागा मिसिसिपीत हातोहात फिरत होत्या. बाजारच्या दिवशी एकाने वाजवलं, पुढच्या गावात दुसऱ्याने बदलून वाजवलं.

आपल्याकडे हे समजायला जड जाऊ नये. आपल्या अभंगांनी मात्र एक भारी सोय करून ठेवली. शेवटच्या चरणात नाममुद्रा. तुका म्हणे म्हटलं की मालक कोण, हा प्रश्नच संपला. उलट आपल्याकडे गडबड दुसऱ्या बाजूने झाली. लोकांनी स्वतः रचलं आणि तुकोबांच्या नावावर खपवलं! ब्लूजच्या गाण्यात असं शिवून टाकलेलं नाव क्वचितच. नाव फक्त रेकॉर्डच्या गोल कागदावर, आणि तो कागद छापणारा दुसराच कुणीतरी.

म्हणून माझं मत विचाराल तर, घेण्यावर माझा आक्षेपच नाही. घेतल्याशिवाय रॉक झालंच नसतं. भांडण आहे ते पुढच्या पायरीचं. गावोगाव फिरणारं गाणं एकदा नोंदलं गेलं, त्यावर एका जिवंत माणसाचं नाव लागलं, तो माणूस शिकागोत राहतोय, त्याचा पत्ता सगळ्या धंद्याला माहीत आहे. आणि तरी तुम्ही नवीन कागदावर फक्त स्वतःची नावं लिहिता, याला परंपरा म्हणायचं?

‘तेव्हा कुणाला एवढं कळत होतं!’ हा पुढचा बचाव. हा मात्र साफ पडतो. झेपेलिनचा पहिला अल्बम जानेवारी १९६९ चा. त्यात ‘यू शुक मी’ आणि ‘आय कान्ट क्विट यू बेबी’ ही दोन गाणी डिक्सनची आहेत आणि कंसात नीट डिक्सनचं नाव आहे. म्हणजे जानेवारीत कळत होतं, ऑक्टोबरपर्यंत विसरले?

त्याच पहिल्या अल्बमवर ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ पेजच्या एकट्याच्या नावावर गेलं. ते मुळात जेक होम्सचं, १९६७ चं. पेज तेव्हा यार्डबर्ड्समध्ये होता आणि न्यूयॉर्कच्या एका कार्यक्रमात होम्स त्यांच्या आधी वाजवून गेला होता. होम्सने दावा केला थेट २०१० मध्ये! तडजोड झाली आणि २०१२ च्या ‘सेलिब्रेशन डे’वर ‘जेक होम्सवरून प्रेरित’ अशी पुस्ती आली. ‘बेब, आयॅम गॉना लीव्ह यू’ची गोष्ट वेगळी. ते जोन बाएझच्या अल्बमवरून घेतलेलं आणि तिथेच ते पारंपरिक म्हणून छापलेलं. लिहिलं होतं अ‍ॅन ब्रेडन नावाच्या बाईने. तिला कळायलाच ऐंशीचं दशक उजाडलं. १९९० पासून तिचं नाव लागतं आणि तिला मागचे पैसेही मिळाले. या एका प्रकरणात मी पेजला बेनिफिट ऑफ डाउट द्यायला तयार आहे.

आणि जिना?

पार्टीत कुणी ना कुणी ‘स्टेअरवे टू हेवन’ काढतोच. ‘तेपण ढापलेलं, यार!’ इथे जरा थांबा. स्पिरिट या बँडचं १९६८ चं ‘टॉरस’ नावाचं छोटंसं वाद्यसंगीत. त्यातली गिटार ‘स्टेअरवे’च्या सुरुवातीसारखी वाटते. झेपेलिनने डिसेंबर १९६८ मध्ये डेन्व्हरला अमेरिकेतला पहिला कार्यक्रम केला, तेव्हा स्पिरिट त्याच मंचावर होते. ‘टॉरस’ लिहिणारा रँडी कॅलिफोर्निया १९९७ मध्ये हवाईच्या समुद्रात मुलाला वाचवताना बुडाला. त्याच्या ट्रस्टने २०१४ मध्ये दावा लावला.

२०१६ मध्ये ज्युरीने झेपेलिनच्या बाजूने कौल दिला. गंमत म्हणजे तुलनेसाठी ज्युरीला ‘टॉरस’ची रेकॉर्ड ऐकवलीच नाही. त्या काळच्या कायद्याने संरक्षण होतं ते कॉपीराइट ऑफिसात जमा केलेल्या कागदावरच्या नोटेशनला, म्हणून नोटेशनच वाजवून दाखवलं. २०१८ मध्ये अपील कोर्टाने पुन्हा खटला चालवा म्हटलं, मार्च २०२० मध्ये मोठ्या पीठाने ज्युरीचाच निकाल कायम केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने दार बंद केलं. एकेक सूर पायरीपायरीने उतरत जाणारी ती ओळ शतकानुशतकं संगीतात आहे. पेजने तर ‘मेरी पॉपिन्स’मधल्या ‘चिम चिम चेरी’चा दाखला दिला होता! सावळ्या रंगाचे दोघे दिसले म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. कोर्टाचं म्हणणं मला पटतं. सगळं ढापलेलं म्हणणारे इथे गाडी फारच पुढे नेतात.

कारण झेपेलिनने स्वतःचं काय घातलं, तेही कानांना कळतं. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ घ्या. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावर मेम्फिस मिनी आणि तिचा नवरा कॅन्सस जो मॅकॉय यांनी १९२९ मध्ये केलेलं गाणं. दोन गिटार, एक आवाज. १९७१ मध्ये झेपेलिनने हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जॉन बॉनमचा ड्रमसेट जिन्याखालच्या मोकळ्या जागेत मांडला आणि माइक वर जिन्यात टांगले. जो आवाज आला, तो पुढे हिपहॉपवाल्यांनी किती वेळा उचलला त्याला गणती नाही. (बघा, चक्र फिरतंच!) इथे कंसात मेम्फिस मिनी आहे. पण १९२९ च्या रेकॉर्डवर गायलाय जो मॅकॉय, आणि त्याचं नाव गायब.

‘इंग्रज पोरांमुळे तरी या लोकांना जग ओळखायला लागलं’ हेही भांडणात येतंच. तेही अर्धं खरं. मे १९६५ मध्ये स्टोन्सनी अमेरिकेतल्या ‘शिंडिग’ या टीव्ही शोमध्ये हाउलिन वुल्फला सन्मानाने आणलं आणि त्याच्या पायाशी बसून ऐकलं. पण त्याच्या वर्षभर आधी, मे १९६४ मध्ये, मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर टीव्हीसाठी एक कार्यक्रम झाला होता. पाऊस पडत होता, समोरच्या फलाटावर गोरी पोरं बसली होती आणि सिस्टर रोझेटा थार्प नावाची एकोणपन्नास वर्षांची बाई कोट घालून इलेक्ट्रिक गिटारवर जे काही करत होती, ते बघून आजही तोंडात बोट जातं. हॉल ऑफ फेमने तिला घेतलं २०१८ मध्ये. एवढा उशीर!

डिक्सन १९९२ मध्ये गेला. चेसची शिकागोतली ती जुनी इमारत, २१२० साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यू, त्याच्या बायकोने, मरीने, १९९३ मध्ये विकत घेतली. डिक्सनने स्थापन केलेलं ब्लूज हेवन फाउंडेशन आता तिथे आहे.

आणि जाता जाता मुंबईकरांसाठी. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोथेकमध्ये वाजवून गेले आणि इथल्या वादकांना घेऊन ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ स्टुडिओत रेकॉर्डही केली. त्रेचाळीस वर्षं ती अधिकृतपणे बाहेर आली नव्हती. २०१५ मध्ये ‘कोडा’च्या नव्या आवृत्तीत आली. ऐका, तबला आणि व्हायोलिनं जाम भारी वाजलीत. गाण्याच्या नावापुढे कंसात लिहिलंय, ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणी आजोबा तेव्हा स्टुडिओत वाजवायला जायचे का, जरा विचारून बघा ना.