भिंतीपलीकडचा शेजार आणि गिटारचा ध्वनिवर्धक

१९७० च्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बारवी नदीवर धरण उभारले ते मुख्यतः कारखान्यांना पाणी मिळावे म्हणून. परंतु पाणी आले की कारखाना येतो, कारखान्यामागून कामगार येतो आणि कामगारामागून त्याचे बिऱ्हाड येते, या क्रमाने अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या तिन्ही गावांचे रूप पुढील काळात इतके पालटले की, बदलापुरातील ज्या कुळगावात दोन घरांमध्ये निदान एखादे आंब्याचे झाड तरी उभे असे, तेथे आज दोन बिऱ्हाडांमध्ये विटांची एक भिंत काय ती उरली आहे. या स्थित्यंतराचा इतिहास लिहिणारा कोणी पाणीपुरवठ्याचा, कोणी लोकलच्या गर्दीचा, तर कोणी जमिनीच्या भावाचा मागोवा घेईल. मी या परिसरात गिटार शिकत आणि पुढे शिकवीत आलो असल्यामुळे मला त्यातील एक लहानसा धागा विशेष जिव्हाळ्याचा वाटतो, आणि तो म्हणजे घरच्या सरावासाठी इलेक्ट्रिक गिटारला जोडावयाचा ध्वनिवर्धक, ज्याला मुले नुसते ‘अॅम्प’ म्हणतात. भिंती जसजशा जवळ येत गेल्या तसतशी ही वस्तू लहान होत गेली आणि लहान होता होता अधिक गुणी झाली, असे माझे मत आहे.

आरंभीच्या काळात असा स्वतंत्र ध्वनिवर्धक विकत मिळणे आमच्यासारख्यांना जवळजवळ अशक्यच होते. आयातीवर परवान्याचे निर्बंध होते, आणि परदेशी वाद्यसामग्री मुंबईत उतरली तरी तिची धाव बहुधा ध्वनिमुद्रणगृहांपर्यंतच असे. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघर ऐकल्या जात. ‘दम मारो दम’ या १९७१ च्या गीतातील गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजविली आहे, हेही जाणकारांना ठाऊक होते. पण तो स्वर ज्या पेटीतून बाहेर पडतो ती पेटी आमच्यापैकी कोणी पाहिलेली नव्हती. सबब मुलांनी घरातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा आश्रय केला. त्या रेडिओच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन भोके ठेवलेली असत. गिटारच्या वायरीची टोके सोलून ती त्या भोकांत घालावयाची, निसटू नयेत म्हणून आगकाडीचा तुकडा पाचरीसारखा ठोकावयाचा (ती आगकाडीही बहुधा अंबरनाथच्याच विम्कोची असे), आणि बँडची कळ ग्रामोफोनच्या खुणेवर आणावयाची. मग विविधभारती गप्प होई आणि तारांचा स्वर अगदी क्षीण, पण कानाला विलक्षण गोड असा, कापडाच्या जाळीमागून येऊ लागे. या उद्योगात जिवाचा धोका होता. काही रेडिओंत ट्रान्सफॉर्मर नसे आणि त्यांचा पत्र्याचा सांगाडा थेट घरातील विजेला जोडलेला असे. प्लग उलटा बसला की गिटारच्या तारांतून झटका येई. म्हणूनच अर्थिंगची तिसरी पिन मी आजही प्रत्येक विद्यार्थ्याला प्रथम दाखवितो आणि स्वराविषयी मागाहून बोलतो.

रेडिओनंतरचा दुसरा मार्ग मांडववाल्याकडे जाई. गणेशोत्सवात जो अहुजा कंपनीचा ध्वनिवर्धक भाड्याने येई, त्यात वाद्यवृंदाचे गिटारवादक आपली वायर बेलाशक खुपशीत, आणि भोंग्यातून जो आवाज निघे तो दूरवर जाई खरा, पण त्यात गिटारचा जीव नसे. याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. गिटारच्या तारांखालील चुंबकीय पिकअप हा अत्यंत दुर्बल असा विद्युत्संकेत निर्माण करतो, आणि तो संकेत पूर्ण उतरावयाचा तर ध्वनिवर्धकाच्या पहिल्या पायरीचा विद्युत्-अडथळा सुमारे दहा लाख ओहम असावा लागतो. मायक्रोफोनसाठी केलेल्या खोबणीत तो पुष्कळच कमी असल्यामुळे तारांचे तीव्र, झळाळणारे स्वर तेथेच गळून पडतात. शिवाय मनुष्याचा शब्द स्पष्ट ऐकू जावा म्हणून घडविलेला भोंगा खर्जाला न्याय देत नाही. गर्दीला पुकारा करण्याची वस्तू घरात उपयोगी पडत नाही.

उल्हासनगरने या पेचातून वाट काढली. महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या सिंधी निर्वासितांची ही वसाहत. १९४९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले, आणि जे मिळत नाही ते स्वतः तयार करावयाचे, ही तेथील कारागिरांची वहिवाटच होऊन बसली. माझा पहिला खराखुरा अॅम्प तेथेच आकारास आला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्सफॉर्मर, आठ इंची स्पीकर आणि त्या काळी दुरुस्तीच्या प्रत्येक टेबलावर दिसणारे टू-एन-३०५५ जातीचे जाडजूड ट्रान्झिस्टर आणले. एका रेडिओ-दुरुस्तीवाल्याने ते जोडून दिले, आणि फर्निचर बाजारातील एका सुताराने प्लायवूडची पेटी केली. पाठ बंद ठेवावयाची की उघडी, हा प्रश्न त्या सुतारानेच उपस्थित केला. पाठ बंद असली तर खर्ज घट्ट राहतो आणि आवाज समोरच जातो. उघडी असली तर आवाज मागच्या भिंतीवर आपटून सगळ्या खोलीत पसरतो. त्याने पाठीचा फळा न ठोकता खाचेत सरकता बसविला, आणि दोन्ही प्रकारे ऐकून पाहा असे सांगितले. पेटीचा आकार आणि तिच्या सांध्यांचा घट्टपणा हादेखील वाद्याचाच एक भाग आहे, हे मी कोणत्याही पुस्तकातून नव्हे तर त्या सुताराकडून शिकलो. अर्धा फळा सरकविलेल्या स्थितीत ती पेटी मला सर्वांत आवडली आणि अनेक वर्षे तशीच राहिली.

वस्तुतः घरासाठी लहान अॅम्प करण्याचा विचार अमेरिकेत फार आधी झाला होता. लिओ फेंडर यांनी १९४८ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी काढलेला चॅम्प हा अवघ्या काही वॉटचा, एकाच लहान स्पीकरचा व्हॉल्व्ह अॅम्प. पुढे तो पाच वॉटचा म्हणून रूढ झाला, आणि एरिक क्लॅप्टन यांनी १९७० च्या ‘लैला’ या ध्वनिमुद्रिकेसाठी याच जातीचा अॅम्प वापरला, तेव्हा लहान पेटीची योग्यता जगाला पटली. व्हॉल्व्हचा गुण असा की, त्याला त्याच्या शक्तीच्या सीमेपर्यंत ताणले म्हणजे स्वर मऊपणे फाटतो, आणि त्या फाटण्यातच ब्लूज व रॉकचे मर्म आहे. परंतु पाच वॉटचा व्हॉल्व्हही त्या सीमेपर्यंत नेला तर बंद खोलीत ढोलकीच्या फडाइतका दणदणाट होतो, हे लक्षात घेतले पाहिजे. परदेशस्थ आप्तांनी प्रेमाने पाठविलेले असे काही अॅम्प इकडे आले. त्यांतील अमेरिकन जे होते ते १२० व्होल्टचे होते, आणि मधे उतरविणारा ट्रान्सफॉर्मर न घालता आपल्या २३० व्होल्टला लावल्यामुळे पहिल्याच संध्याकाळी जळून गेलेला एक मी डोळ्यांनी पाहिला आहे.

१९९१ नंतर आयात मोकळी झाली, आणि या गावांत इमारतीही त्याच सुमारास झपाट्याने उठू लागल्या. गिटारबरोबर दहा-पंधरा वॉटचे ट्रान्झिस्टर अॅम्प मिळू लागले. देशी बनावटीत स्ट्रेंजरचा चाळीस वॉटचा क्यूब शिकवण्यांच्या वर्गांतून सर्वत्र दिसू लागला. खरेदीचे माप मात्र एकच राहिले : वॉट किती? पालक तो आकडा विचारीत, दुकानदार तो मोठ्याने सांगे, आणि पंधराहून वीस बरा या न्यायाने पेटी घरी येई. या आकड्याने केलेली दिशाभूल मला फार खटकते. वॉट दुप्पट केल्याने आवाज तीन डेसिबलनेच चढतो. तो कानाला दुप्पट वाटावयाचा तर शक्ती दसपट करावी लागते. उलट, गिटारचा साधारण स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर नव्वद डेसिबलच्या आसपास आवाज करतो, आणि केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीसाठी घातलेली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल आहे. म्हणजे घरात एक वॉटसुद्धा क्वचितच खर्च होतो. चाळीस वॉटचा अॅम्प घेतलेला मुलगा त्याचे बटण एकच्या खुणेपलीकडे नेऊ शकत नाही, आणि तेवढ्या फिरतीत ते बटण एकतर मुके राहते नाहीतर एकदम ओरडते.

हळू वाजविताना आणखी एक अडचण येते. फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, आवाज हळू झाला म्हणजे मानवी कानाला खर्ज आणि अतितीव्र स्वर मधल्या स्वरांपेक्षा अधिक क्षीण ऐकू येतात. म्हणून दुकानात भरदार वाटलेला अॅम्प घरी रात्री नऊनंतर पातळ आणि पत्र्यासारखा वाटतो. कित्येक मुलांची गिटार याच कारणाने खुंटीला लागली. आपला हातच वाईट आहे, असे त्यांना वाटले. दोष हाताचा नव्हता.

पुढे भारनियमनाची वर्षे आली. संध्याकाळच्या वेळी तासन् तास वीज जाई, आणि घरोघर बसविलेल्या स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहरींची वीज अॅम्पला लावली की, स्पीकरमधून अखंड गुणगुण निघे. अशा वेळी रोलँडचा मायक्रो क्यूब हातात आला : दोन वॉट, पाच इंची स्पीकर, पेन्सिल सेलच्या सहा बॅटऱ्या, आणि आत मोठमोठ्या अॅम्पांच्या स्वभावाची गणिताने केलेली अनुकृती. तो लावला की अंधाऱ्या खोलीत गुणगुणीचा लवलेश नसे. पावसाळी रविवारी बारवी धरणाच्या वाटेवर मंडळी जात तेव्हा तोच खांद्याला अडकवून नेता येई. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरील एका विद्यार्थ्याचा जड अॅम्प पाण्याखाली गेला, आणि त्याच घरातील ही लहान पेटी कपड्यांच्या बोचक्याबरोबर माळ्यावर जाऊन वाचली. पूर नसतानाही इकडच्या दमट हवेत स्पीकरचा कागदी शंकू नरमतो आणि बटणे खरखरू लागतात; आषाढ-श्रावणात अॅम्प रोज थोडा वेळ चालू ठेवणे, एवढाच त्यावर माझ्या अनुभवाचा उपाय आहे.

यामाहाने २०११ मध्ये आणलेल्या टीएचआर मालिकेने मात्र मूळ प्रश्नालाच हात घातला. रंगमंचाचा अॅम्प छाटून लहान करण्याऐवजी दिवाणखान्यात हळू वाजविण्यासाठीच प्रथमपासून रचलेली ती पेटी होती. दोन छोटे स्पीकर, आणि हळू आवाजातही भरलेला राहणारा स्वर. किंमत अनेकांना परवडण्याजोगी नव्हती, पण त्यानंतर इतर कंपन्यांनाही त्याच दिशेने यावे लागले. हेडफोनची सोय आता घरच्या सरावाच्या बहुतेक अॅम्पांत असते, आणि ती आवश्यक आहे. तथापि केवळ हेडफोनवर वाढलेला वादक आपला स्वर खोलीत कसा पसरतो, तो गायकाच्या शब्दावर आक्रमण करतो की त्याला आधार देतो, हे शिकत नाही. तेवढ्यासाठी स्पीकर हवाच, मग तो चार इंचांचा का असेना.

आता कोणी विद्यार्थी पालकांसह सल्ल्यासाठी आला तर मी त्यांना आपलीच गिटार घेऊन दुकानात जावयास सांगतो. तेथे प्रथम गिटारचे बटण शून्यावर ठेवून अॅम्पची स्वतःची गुणगुण ऐकावी. मग घरी रात्री जेवढा आवाज चालेल तेवढाच ठेवून सर्वांत जाड तार मोकळी छेडावी, आणि तिचा खर्ज टिकतो की लगेच विरतो ते पाहावे. ‘गेन’ आणि ‘मास्टर’ अशी दोन वेगळी बटणे असावीत, म्हणजे पहिले चढवून स्वर हवा तसा फाडता येतो आणि दुसरे उतरवून शेजार सांभाळता येतो. मोबाइलवरचा तंबोरा व तबला जोडावयास खोबण असावी, कारण तालाशिवायच्या सरावाला सराव म्हणू नये. वॉटचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. पाच ते दहा पुरे. आणि पेटी घरी आल्यावर ती सामाईक भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर ठेवू नये, कारण खर्ज हवेपेक्षा स्लॅबमधून अधिक दूर जातो. लाकडी स्टुलावर, खाली फोमची जाड घडी घालून, वादकाच्या कानाच्या उंचीला तिचे तोंड येईल अशी ती ठेवावी.