यंत्रकासव आणि बालबुद्धी
१९६७ साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा सिद्ध केली, आणि पुढे तिच्या हुकमाने चालणारे, कागदावर लेखणीने रेघ ओढणारे यंत्रकासव मुलांच्या हाती आले. चौरस काढावयाचा असता मूल प्रथम स्वतः चालून, काटकोनात वळून पाहते, आणि देहाला उमगलेला तोच क्रम ‘पुढे शंभर, उजवीकडे नव्वद’ असा चार वेळा यंत्राला फर्मावते. कासव भलतीकडे वळले तर ‘त्याला तिकडेच जायचे होते’ म्हणणारे मूल, हुकूम एकेक तपासताच, ‘मीच साठ सांगितले’ या कारणापर्यंत पोहोचते. यंत्राच्या ठायी इच्छा कल्पिणे ही बालबुद्धीची सहजप्रवृत्ती खरी. परंतु वर्तनाचा नियम स्वतः रचल्यावाचून कार्यकारणभाव उमगत नाही, म्हणून यंत्राचे हुकूम मुलांनाच लिहू द्यावेत.