हवेचा हिशेब (लेखांक ७) : उभ्या जहाजाचा धूर

मागच्या आठवड्यात साखर कारखान्यांच्या धुराड्यांविषयी लिहिलं, तेव्हा विषय घरचाच होता. आज बंदरांविषयी. रहिमतपुरात बसून बंदराची चिंता कशाला, असं कोणी म्हणेल; पण आपला आणि बंदरांचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने पुण्याहून लोंढ्यापर्यंत मीटर गेज मार्ग टाकला आणि लोंढ्याला तो मुरगाव बंदराकडे उतरणाऱ्या मार्गाला मिळाला. आता रूळ ब्रॉड गेजचे आहेत, पण गोवा एक्स्प्रेस आजही आपल्या स्टेशनावरूनच वास्कोला जाते. शिवाय सांगलीची हळद आणि तासगावची द्राक्षं परदेशी निघाली की न्हावा-शेव्याचा धक्का गाठतात.

बंदराचा धूर म्हटलं की भर समुद्रात काळे लोट सोडत जाणारं जहाज आठवतं. तो धूर बराचसा समुद्रावरच विरतो. बंदराशेजारच्या माणसाच्या छातीत जातं ते थांबलेल्या गोष्टींचं प्रदूषण : धक्क्याला लागलेलं जहाज, गेटबाहेर इंजिन चालू ठेवून खोळंबलेला ट्रेलर आणि उघड्यावर पडलेला कोळशाचा ढीग.

ढिगाचं उदाहरण वास्कोतच आहे. मुरगाव बंदरात परदेशी कोळसा उतरतो आणि रेल्वेने घाट चढून बल्लारीकडच्या पोलाद कारखान्यात जातो. जहाजातून ग्रॅबने कोळसा उचलायचा, धक्क्यावर ओतायचा, पुन्हा उचलून वाघिणीत भरायचा. प्रत्येक उचल-ओतीला भुकटी उडते आणि समुद्राकडून वारा सुटला की ती वस्तीवर जाते. बंदर आणि शहर यांच्यात अंतर असं नाहीच. खिडकीच्या चौकटीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, फरशीवर काळा थर बसतो, ही वास्कोकरांची वर्षानुवर्षांची तक्रार. मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर कोळसा उतरत असे, तेव्हा शिवडी-वडाळ्याचे रहिवासी हेच सांगत होते.

२०१७ मध्ये मुरगावच्या विस्तारावर वास्कोत जनसुनावण्या झाल्या, त्या कित्येक दिवस चालल्या. पुढच्याच वर्षी, परवानगीपेक्षा जास्त कोळसा हाताळल्याचा ठपका गोव्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठेवला. नोव्हेंबर २०२० मध्ये याच रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्ध गोव्यातल्या चांदोर गावात लोक रात्री रुळांवर उतरले. दुसरा मार्ग म्हणजे आणखी कोळसा, असं त्यांचं म्हणणं होतं. अभयारण्यातून जाणाऱ्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. अर्थात ती जंगलाच्या कारणाने. वास्कोच्या फरशीवरचा थर हा त्या खटल्याचा विषय नव्हता.

ढिगावर पाणी मारणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, म्हणून तोच आधी सुचतो. उन्हात तो थर सुकला की पुन्हा पहिले पाढे. खरा उपाय म्हणजे बंदिस्त शेड, झाकलेला वाहकपट्टा आणि ताडपत्री घातलेल्या वाघिणी. यात नवं संशोधन काही नाही. फक्त खर्च आहे.

जहाजाचा धूर मात्र डोळ्यांना इतका दिसत नाही, म्हणून तो जास्त समजावून सांगायला हवा. धक्क्याला लागल्यावर जहाजाचं मुख्य इंजिन बंद होतं. पण दिवे, पंप, खलाशांची खोली, द्राक्षांचे थंड कंटेनर या सगळ्याला वीज लागते, मोठ्या जहाजाला तर मेगावॉटच्या हिशेबात. ती जहाजावरचे डिझेल जनरेटर देतात, दिवसरात्र. लग्नाच्या मांडवामागे लावलेला जनरेटर आठवा. फरक इतकाच की हा मांडव कधी उठत नाही, एक जहाज गेलं की दुसरं लागतं.

आणि इंधन? १ एप्रिल २०२० पासून आपल्या पंपावरच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत गंधकाचे फार तर १० भाग असतात. जहाजांच्या इंधनावर आंतरराष्ट्रीय मर्यादा आली तीही त्याच वर्षी १ जानेवारीला : अर्धा टक्का, म्हणजे दहा लाखांत ५,००० भाग. पाचशे पट! त्याआधी तर साडेतीन टक्के चालत असे. या गंधकापासून सूक्ष्म कण तयार होतात. शिवाय डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये निश्चित कर्ककारकांच्या यादीत टाकलं आहे.

लॉस एंजेलिसमध्ये बंदराला लागून असलेल्या सॅन पेड्रोच्या रहिवाशांनी २००१ साली एका नव्या टर्मिनलविरुद्ध दावा लावला. तडजोडीत ठरलं की जहाजांनी जनरेटर बंद करून किनाऱ्यावरची वीज घ्यायची. २००४ मध्ये ती सोय सुरू झाली. पुढे कॅलिफोर्नियाने कायदाच केला. आपल्याकडेही २०२३ च्या ‘हरित सागर’ मार्गदर्शक सूचनांत किनाऱ्यावरच्या विजेचा आग्रह आहे. अडचण अशी की आपली वीज ५० हर्ट्‌झची आणि बहुतेक मोठ्या जहाजांची यंत्रणा ६० हर्ट्‌झची. मधे बदल करणारं महागडं यंत्र लागतं आणि जहाजावरही जोडणी असावी लागते. ही वीज चंद्रपूरच्या कोळशाचीच ना, हा आक्षेपही खरा आहे. तरी उंच चिमणीला धूळ पकडणारी यंत्रणा असते, ती जहाजाच्या नळकांड्याला नसते. म्हणजे चंद्रपूरकरांचा प्रश्न सुटला असं मात्र नाही.

ट्रेलरच्या रांगेबद्दल थोडक्यात : वेळ ठरवून गेटवर बोलावणं आणि जमेल तितके कंटेनर रेल्वेवर घालणं, याने रांग कमी होते.

वीज येईपर्यंत थांबायचंही कारण नाही. युरोपीय संघात दोन तासांहून जास्त वेळ धक्क्याला राहणाऱ्या जहाजाला २०१० पासून ०.१ टक्क्याहून जास्त गंधकाचं इंधन जाळता येत नाही. त्याला खोदकाम लागत नाही, केबल लागत नाही. टाकी बदलावी लागते. मुंबई, न्हावा-शेवा आणि मुरगाव यांना हा नियम आधी लावावा, असं माझं मत आहे. चांगलं इंधन महाग असतं, तेव्हा भाडं थोडं वाढेल आणि त्याचा वाटा आपल्या हळदीच्या पोत्यावर, द्राक्षांच्या पेटीवरही पडेल. तो आपण द्यायला हवा. आज तो वास्कोची आणि उरणची माणसं भरताहेत.

(पुढील आठवड्यात : वीटभट्ट्या)