चार पावलांची कसोटी

‘रुग्ण चालतो’ म्हणजे नेमकं काय? अमेरिकेतले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. रॉय पॅचेल यांच्या चाचणीत याची व्याख्या अगदी माफक होती. प्रत्येक पायानं दोन, म्हणजे एकूण चार पावलं. काठी चालेल, वॉकरही चालेल. ‘लॅन्सेट’मध्ये 2005 साली छापून आलेल्या या चाचणीनं मणक्यात पसरलेल्या कॅन्सरवर ऑपरेशन करावं की नाही, या जुन्या वादाचं पारडं फिरवलं.

स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट यांचे कॅन्सर हाडांत पसरतात आणि मणक्यांत तर हमखास. फिलाडेल्फियाचे शरीररचनातज्ज्ञ ऑस्कर बॅट्सन यांनी 1940 मध्ये मृतदेहांच्या शिरांत द्रव सोडून दाखवलं, की ओटीपोटातून निघालेलं रक्त मणक्यांभोवतीच्या, झडपा नसलेल्या शिरांच्या जाळ्यात शिरू शकतं. गाठ बहुधा खुद्द मज्जारज्जूत नसतेच. ती मणक्याच्या पुढच्या भरीव भागात वाढते, हाड पोखरते आणि मज्जारज्जूला पुढून रेटते.

सर्जन मात्र शिरत मागून. पाठीवर छेद घ्यायचा, मणक्याची मागची कमान कापायची आणि मज्जारज्जूला जागा करून द्यायची, ही लॅमिनेक्टमी. दाब पुढून, वाट मागून! त्यात पुढचं हाड आधीच पोखरलेलं. मागची धड बाजूही काढली की कणा आणखी खिळखिळा व्हायचा. 1980 मध्ये 29 रुग्णांच्या एका छोट्या चाचणीत लॅमिनेक्टमीसह रेडिएशन आणि नुसतं रेडिएशन यांत फरक दिसला नाही. मग चिरफाड कशाला, असं म्हणत बहुतेकांनी ऑपरेशनचा नाद सोडला. खरं तर नापास झाली होती लॅमिनेक्टमी. शिक्का बसला तो सगळ्याच शस्त्रक्रियेवर.

पॅचेल यांच्या चाचणीतल्या सर्जननी गाठ जिथे होती तिथे थेट जाऊन ती काढली, मज्जारज्जू चहूबाजूंनी मोकळा केला आणि गरज असेल तिथे कणा स्थिर केला. नंतर रेडिएशन. दुसऱ्या गटाला फक्त रेडिएशन. दोन्हीकडे 10 सत्रांत मिळून 30 ग्रे इतकं रेडिएशन, म्हणजे तिथे डावंउजवं नाही. 200 रुग्ण घ्यायचे होते. 101 वरच चाचणी थांबवली, कारण फरक उघड दिसत होता. ऑपरेशनच्या गटात 84 टक्के रुग्ण उपचारांनंतर चालू शकत होते, दुसऱ्या गटात 57 टक्के. चालणं टिकलं ते मध्यक 122 दिवस. नुसत्या रेडिएशनच्या गटात 13 दिवस. चालणं आधीच थांबलेल्या प्रत्येकी 16 जणांपैकी एकीकडे 10 पुन्हा चालले, दुसरीकडे 3.

आयुष्य मात्र फारसं वाढलं नाही: 126 दिवस आणि 100 दिवस. पण उरलेले महिने अंथरुणात की स्वतःच्या पायांवर, हा फरक ज्या घरानं असा रुग्ण सांभाळलाय त्याला समजावून सांगावा लागत नाही.

हे आकडे सरसकट सगळ्यांना लावता येत नाहीत. किमान तीन महिने जगण्याची शक्यता असलेले, एकाच जागी दाब असलेले रुग्णच निवडले होते. लिम्फोमा, मायलोमा असे रेडिएशननं झपाट्यानं विरघळणारे कॅन्सर वगळले होते. पुढे जर्मनीतले डर्क राडेस यांनी जुन्या नोंदींतून सारख्या रुग्णांच्या जोड्या लावून पाहिल्या, तेव्हा ऑपरेशनचा फायदा ठळक दिसला नाही. वाद मिटला, असं कुणी म्हणू नये.

ऑपरेशनही बदललं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयातले सर्जन आता सगळी गाठ काढण्याच्या मागे लागत नाहीत. मज्जारज्जूभोवतीची गाठ तेवढी काढून एक फट तयार करतात, कणा स्क्रू-रॉडनी बांधतात आणि उरलेल्या गाठीवर अचूक, जोरकस रेडिएशन सोडतात. फट असल्यामुळे मज्जारज्जूला न भाजता हा मारा करता येतो. अशा 186 रुग्णांचा आढावा 2013 मध्ये आला. वर्षभरात त्याच जागी गाठ पुन्हा वाढण्याचं प्रमाण 16.4 टक्के होतं. किडनीच्या कॅन्सरची गाठ असेल, तर तिचा रक्तपुरवठा ऑपरेशनआधी कॅथेटरनं बंद करतात. नाहीतर रक्तस्राव आवरत नाही.

सगळ्यात अवघड गोष्ट ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आहे: दुखणं वेळेत ओळखणं. पॅचेल यांनी 48 तासांहून जास्त काळ पाय पूर्ण लुळे पडलेल्यांना चाचणीत घेतलंच नव्हतं. पाठदुखी मात्र त्याआधी कितीतरी आठवडे सुरू असते, आडवं झाल्यावर वाढणारी, रात्री झोपमोड करणारी. एकदा कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाची अशी पाठ दुखू लागली, तर आधी एमआरआय व्हायला हवा. मलम आणि मालिश नंतर.