बोरूचे वळण, शिशाची अडचण

पनवेल तालुक्यातल्या ओवे या गावाचे नाव दोन अक्षरांचे. पण मुंबईच्या जुन्या छापखान्यात ते जुळवताना जुळाऱ्याचे काम शिशाच्या दोन खिळ्यांत भागत नसे. डिग्री पद्धतीत ओळीला तीन मजले असत: मधल्या मजल्यावर अक्षर, वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. म्हणजे ‘वे’चा ‘व’ एका खिळ्यावर आणि त्याची मात्रा वेगळ्या खिळ्यावर. अखंड पद्धतीत मात्रेसह एकसंध अक्षर ओतत. सांधा टळे, पण केसमध्ये खिळ्यांची गर्दी होई. हा पेच संगणकाने संपवला. तरीही नवा टाइप करणारे जुन्या मराठी छपाईकडे पुन्हा पुन्हा वळतात, आणि तेव्हा ते घेतात काय, बोरूचे वळण की शिशाची अडचण, हे तपासले पाहिजे. दोन्ही एकाच छापील पानावर एकजीव झालेले दिसतात, म्हणून घोटाळा होतो.

मराठी छपाईचा आरंभ महाराष्ट्राबाहेरचा. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला देवनागरीत छापले गेले, तर १८१० चा त्याचा कोश मोडी टाइपात. पण आपली नजर घडवली ती मुंबईने. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) टाइपाचे काम शिकले; १८६४ मध्ये त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. ठसे कोरण्यात राणोजी रावजी आरू यांचा हात. त्या अक्षरांची जाड-बारीक लय पोथीतल्या तिरक्या कापलेल्या बोरूची आहे, हे कोणीही ओळखेल. पण लहान आकारात शाईने अक्षराचे पोट बुजू नये म्हणून ठसा कोरणाऱ्याला पोकळ्या मोकळ्या ठेवाव्या लागतात, आणि मात्रेचे स्थान खिळ्याच्या उंचीने ठरते. पहिली गोष्ट आजच्या मोबाइलच्या पडद्यावरही उपयोगी आहे. दुसरी केवळ त्या काळाची गरज होती. तिची हुबेहूब नक्कल म्हणजे जुन्या वाड्याबरोबर त्याची गळतीही जपणे.

यावर आक्षेप येईल की अशी वर्गवारी निवांत बसलेल्या अभ्यासकाची. वाचकाला सवय झाली ती या दोन्हींच्या मिश्रणाची, आणि वाचनसुलभता म्हणजे शेवटी सवयच. आक्षेपात तथ्य आहे. पण सवय कोण लावतो, हेही पाहावे. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ लिहिण्याची परंपरा आहे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमालेतही तीच रूपे प्रमाण मानली. युनिकोडमध्ये मात्र ‘ल’चा संकेतांक एकच. पाकळी दिसेल की नाही हे फाँटमधल्या भाषानिहाय रूपांवर अवलंबून असते, आणि त्याहून जास्त मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली आहे की नाही यावर. नोंद नसेल तर बहुधा हिंदीतले रूप उमटते. म्हणजे काही वर्षांत जी ‘सवय’ होईल, ती कोणाच्या तरी न केलेल्या निवडीची.

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त वाटतो: मूळच शोधायचे तर निर्णयसागरवर का थांबावे? ओवे ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात अलिबागजवळ आक्षीचा शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, हे त्याचे सामान्यतः मानले जाणारे वर्ष. तो मराठीच्या इतिहासाचा मोठा पुरावा आहे, परंतु छिन्नीने कोरलेल्या मोजक्या ओळींतून पुस्तकभर वाचायचे अक्षर निघत नाही. शीर्षकाला शोभेल फार तर. मोडीची गोष्ट निराळी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात ती कोट्यवधी कागदांवर पसरलेली आहे, शिरोरेषा आधी ओढून मग धावत्या हाताने लिहिलेली, आणि युनिकोडमध्ये ती २०१४ मध्ये आली. तिची वाकणे, अक्षराला अक्षर जोडण्याची घाई, हात न उचलण्याचा आग्रह हे सारे देवनागरी टाइपाने जवळजवळ वापरलेलेच नाही. आणि तिथे नक्कल करण्याजोगी शिशाची अडचणही फारशी नाही, कारण मोडीचा बहुतेक साठा हस्तलिखित आहे. ‘ओवे’ मोडीत लिहिणारा कारकून शिरोरेषा ओळभर आधीच ओढून ठेवी. टाइपाला ती प्रत्येक अक्षरापुरती कापून पुन्हा जोडावी लागते.